खाणीच्या उभारणीतील डोंगरकाप : पावसाळ्यापूर्वी मोजणी कशाची आणि आधार कोणता?

कातळसडा

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातील एका लोहखनिज खाणीच्या उभारणीत मी स्थापत्य विभागाचे काम पाहतो. खनिज काढण्यास अजून सुरुवात झालेली नाही. सड्यावरून (डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून) खाली उतरणारा डंपरचा रस्ता, क्रशरसाठी सपाटीकरण आणि गाळ बसवण्याच्या तळ्यांची खोदाई एवढेच सध्या चालू आहे. रस्त्यासाठी डोंगर कापताना एका ठिकाणी कापाची उंची १८ मीटरपर्यंत गेली आहे. वरचे सहा-सात मीटर जांभा आहे, त्याखाली पांढरट-गुलाबी चिकणमाती आहे आणि तळाशी कुजलेला खडक लागला आहे. कापाच्या माथ्यावर, कडेपासून आत, जमिनीला एक बारीक फट दिसू लागली आहे. डोंगराच्या पायथ्याशी वाडी आहे.

जाळी मारून वर शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) केले की काम झाले, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. मोजणीची उपकरणे खाण प्रत्यक्ष चालू झाल्यावर घेऊ, असे वरिष्ठ म्हणतात. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. नवा काप उघडा पडतो तो पहिलाच पावसाळा सर्वांत धोक्याचा असतो, त्यामुळे मोजणी आणि मजबुतीकरण दोन्ही खोदाईबरोबरच चालले पाहिजे, असे माझे मत आहे. मृगाचा पाऊस येईपर्यंत मोजकेच आठवडे हातात आहेत. या काळात आधी काय करावे, कशाची मोजणी करावी आणि काम थांबवण्याचा निर्णय कोणाकडे असावा, याविषयी अनुभवी सभासदांनी लिहावे, ही विनंती.

खाणसुरक्षा

कातळसडा, उपकरणांचे नंतर पाहू. त्या फटीची लांबी किती आहे आणि तिची दोन्ही टोके कापाच्या दिशेने वळलेली आहेत का, हे आधी सांगा. फट सरळ असेल तर जांभ्याचा एखादा ठोकळा सुटत असण्याची शक्यता अधिक असते. टोके कापाकडे वळून धनुष्याचा आकार दिसत असेल तर मातीचा मोठा भाग एकसंधपणे खाली सरकू लागला आहे, असे धरूनच चालावे लागते. हे स्पष्ट होईपर्यंत कापाच्या पायथ्याशी एकही पोकलेन लावू नका आणि तिथला रस्ता वाहतुकीसाठी बंद ठेवा.

काप खाणीच्या भाडेपट्ट्याच्या हद्दीत असेल तर त्याला धातू खाण विनियम, १९६१ लागू होतात. त्यातील १०६ व्या विनियमानुसार मुरूम, चिकणमाती, गाळमाती अशा जमिनीत कापाचा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र ठेवता येत नाही, किंवा मग दीड मीटरपेक्षा उंच नसलेले, पायऱ्यांसारखे टप्पे काढावे लागतात आणि टप्प्याची रुंदी उंचीइतकी तरी ठेवावी लागते. कठीण, घट्ट जमिनीतही टप्प्याची उंची ६ मीटरच्या वर जाऊ शकत नाही. याहून वेगळे काही करायचे असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी घ्यावी लागते. कडेपासून ३ मीटरच्या आत झाड, सुटा दगड किंवा राडारोडा ठेवता येत नाही, असेही त्यात आहे. तुमच्या १८ मीटरच्या कापात टप्पे किती आहेत, याचा उल्लेख तुम्ही केलेला नाही.

भूस्तर

मी भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर काम केले आहे. आपल्याकडे बहुतेक गोंधळ जांभ्यामुळे होतो. चिरेखाणीतल्या उभ्या भिंती वर्षानुवर्षे तशाच उभ्या राहिलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, कारण उघडा पडलेला जांभा वाळून अधिक कठीण होतो. त्यामुळे डोंगर कापणाऱ्या माणसाच्या मनात ‘ही जमीन उभी राहते’ असा विश्वास बसलेला असतो. चिरेखाण मात्र सहसा जांभ्यातच थांबते. रस्त्याचा काप त्याखालच्या चिकणमातीत शिरतो आणि तिथे सगळे गणित बदलते.

जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली जाते. चिकणमातीतून ते तितक्या वेगाने जाऊ शकत नाही, म्हणून दोन थरांच्या सीमेवर साचते आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडते. कोकणातल्या कित्येक वाड्यांचे झरे याच सीमेवर आहेत. काप घेतल्यावर ही सीमा उघडी पडते. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर जो भार टाकून घट्ट बसलेले असतात तो भार कमी होतो आणि त्याबरोबर मातीची घसरण रोखण्याची ताकदही घटते. एप्रिलमध्ये कोरड्या मातीचा नमुना काढून केलेले गणित जुलैला लागू पडत नाही, ते यामुळेच. स्थिरतेचे गणित भिजलेल्या मातीची ताकद आणि भरलेली पाणीपातळी धरूनच मागवा. तात्पुरत्या कापाला १.३ आणि कायमच्या कापाला १.५ एवढा सुरक्षा गुणांक (घसरण रोखणारी ताकद भागिले घसरवणारा जोर) सर्वसाधारणपणे मागितला जातो. खाली वाडी असताना ‘तात्पुरता’ हा शब्द मी तरी वापरू देणार नाही.

फटीविषयी एक हिशोब सांगते. फटीत २ मीटर पाणी उभे राहिले तर फटीच्या दर मीटर लांबीमागे सुमारे २ टनांचा आडवा रेटा कापाच्या दिशेने बसतो. पाणी ४ मीटर झाले तर तोच रेटा सुमारे ८ टन होतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. म्हणून फट आजच घट्ट चिकणमातीने बुजवा, वर ताडपत्री घाला आणि पाणी तिच्याकडे येणार नाही अशी व्यवस्था करा.

तिलारीकाठ

मी दोडामार्ग तालुक्यातला आहे आणि अभियंता नाही. २०२१ च्या जुलैअखेरीस कळणे येथील खाणीची बाजू खचून चिखलाचे पाणी घरांत आणि बागायतीत शिरले, तेव्हा आसपासच्या गावांतले आम्ही लोक मदतीला गेलो होतो. माडापोफळींच्या बागेत चिखल बसला की नुसता धुऊन निघत नाही. त्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातील तळियेची दरड कोसळली होती. तेव्हापासून मुसळधार पावसाच्या रात्री डोंगराखालच्या वाड्यांत कोणी शांत झोपत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. आपण जी मोजणी कराल, तिचे आकडे वाडीला कळणार आहेत का? आमच्याकडचे एक वृद्ध गृहस्थ खाणीच्या माणसांना नेहमी सांगत असत, “पाणी खंय जाता तां आदी बघा.” त्यांना कोणता झरा कधी गढूळ झाला आणि कोणता आटला, हे ठाऊक असे. अशा माणसांना विचारायला कोणी येत नाही.

भूस्तर

तिलारीकाठ दादा, त्या आजोबांचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे म्हणजे आतली माती वाहून निघते आहे. वाहता झरा भर पावसात आटणे त्याहून गंभीर आहे, कारण पाण्याची वाट बंद झाली आणि ते आत साचते आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. कातळसडा यांनी वाडीतल्या झऱ्यांची आणि विहिरींची पातळी आताच नोंदवून घ्यावी. पुढे कशाशी तुलना करायची, ते त्यावरूनच ठरेल.

मोजणीदार

मोजणीविषयी लिहितो. मी टोटल स्टेशनवर, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्रावर, काम करतो. कापाच्या प्रत्येक टप्प्यावर आणि फटीच्या दोन्ही बाजूंना प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी भिंगे) बसवा. संदर्भबिंदू मात्र हलणाऱ्या डोंगरावर असता कामा नयेत, ते समोरच्या घट्ट कातळावर आणि एकापेक्षा जास्त असावेत. संदर्भबिंदूच हलला तर सगळा डोंगर उलट्या दिशेने चालल्याचे आकडे मिळतात. एक सेकंदाच्या यंत्राची कोनातली चूक २०० मीटरवर सुमारे १ मिलिमीटर होते. प्रत्यक्षात हवा, उष्णता आणि माणसाचा हात धरून २-३ मिलिमीटरपर्यंतच्या फरकावर निष्कर्ष काढू नये.

आता अडचण सांगतो. आपल्याकडे जुलैत धुके आणि पाऊस असा असतो की शंभर मीटरवरचा प्रिझमही दिसत नाही, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी टोटल स्टेशन आंधळे होते. म्हणून फटीवर तिची रुंदी किती वाढते ते मोजणारा तारेचा एक्स्टेन्सोमीटर हवा आणि मातीच्या आतली हालचाल पाहण्यासाठी निदान दोन इनक्लिनोमीटर हवेत. इनक्लिनोमीटरची नळी सरकणाऱ्या थराच्या खाली, पक्क्या खडकात रोवलेली असली पाहिजे. ती अर्ध्यावर थांबली तर नळी मातीबरोबरच सरकते आणि आकडा शून्य दाखवते.

तोपर्यंत फटीच्या दोन्ही बाजूंना सळ्या ठोकून पोलादी पट्टीने अंतर मोजायला आजच सुरुवात करा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

दूरचित्र

सळ्या आणि पट्टीच्या जोरावर वाडीची सुरक्षितता ठेवणे मला मान्य नाही. उतारावर लक्ष ठेवणारे रडार मिलिमीटरहूनही कमी हालचाल पकडते, संपूर्ण भिंत काही मिनिटांत पाहते आणि रात्री, धुक्यातही चालते. अमेरिकेतील बिंगहॅम कॅन्यन येथील तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी प्रचंड दरड कोसळली, पण हालचाल आधीच लक्षात आल्याने माणसे बाहेर काढलेली होती आणि एकही जीव गेला नाही. खाणीच्या एकूण खर्चाच्या मानाने रडारचे भाडे फार नसते.

मोजणीदार

रडारला माझा विरोध नाही. ते दृष्टीच्या टप्प्यातला उघडा पृष्ठभाग पाहते, हे मात्र लक्षात घ्या. कापाच्या वरची झाडी पावसाळ्यात हिरवीगार झाली की तिथले वाचन बिघडते आणि इथली फट त्याच भागात आहे. उपग्रहाच्या रडार प्रतिमांचेही तसेच आहे. एका उपग्रहाची फेरी बारा दिवसांनी येते आणि कोकणातल्या दाट हिरवाईत दोन प्रतिमांची जुळणी टिकत नाही. एप्रिल-मेच्या संथ हालचालीसाठी त्यांचा उपयोग आहे, जुलैच्या रात्रीसाठी नाही.

खाणसुरक्षा

दूरचित्र, बिंगहॅमचे उदाहरण योग्य आहे, पण तिथे माणसे वाचली ती रडारच्या आकड्यावर माणसांना बाहेर काढण्याचा निर्णय वेळेत घेतला गेला म्हणून. उलट, झारखंडमधील राजमहल कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मातीचा ढिगारा सरकला आणि २३ कामगार गेले.

आकडा आणि आदेश यांतले अंतर मी स्वतः पाहिले आहे. एका कामावर फटीचे वाचन रोज वहीत लिहिले जात असे आणि ती वही आठवड्याच्या बैठकीत उघडली जात असे. काम थांबवण्याचा अधिकार तालुक्याबाहेर बसलेल्या माणसाकडे होता आणि पावसात त्याचा फोन लागत नसे. म्हणून मी सांगेन की हिरवी, पिवळी आणि लाल अशा तीन पायऱ्या लेखी ठरवा. पिवळ्या पायरीला वाचनाची वारंवारता वाढेल आणि पायथ्याचे काम थांबेल. लाल पायरीला यंत्रे आणि माणसे बाहेर येतील, भोंगा वाजेल आणि वाडीला हलवण्यासाठी तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंचांना निरोप जाईल. लाल पायरी जाहीर करण्याचा अधिकार त्या पाळीवर हजर असलेल्या पर्यवेक्षकाकडे असावा, कोणाचीही परवानगी न घेता. पुन्हा काम सुरू करण्याचा अधिकार मात्र वरच्या माणसाकडेच ठेवा.

रुळवाट

मी कोकण रेल्वेच्या कापांवर बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ पुन्हा तसाच अपघात झाला. दोन्ही तारखा जूनमधल्या आहेत, हे कातळसडा यांनी वरिष्ठांना दाखवावे. रेल्वेने त्यानंतर कापांचे उतार कमी केले, टप्पे काढले, जाळ्या आणि रॉक बोल्ट (खडकात खोल रोवलेले पोलादी खिळे) बसवले, कापाच्या माथ्यावर पाणी अडवणारी गटारे बांधली आणि वाळा लावला. तरीही पावसाळ्यात रात्रीची गस्त बंद झालेली नाही. जोरदार पावसात समोरचे दिसेनासे झाले की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणली जाते आणि पाऊस मोजण्यासाठी मार्गावरील स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. इतके भक्कम काम केल्यावरही माणूस गस्तीला ठेवावा लागतो, याचा विचार व्हावा.

आता शॉटक्रीटविषयी. पाण्याला वाट न ठेवता चिकणमातीवर शॉटक्रीट मारणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय. बाहेरून भिंत पक्की आणि कोरडी दिसते, आत दाब वाढत राहतो आणि शेवटी माती व काँक्रीट एकत्रच खाली येतात. माझ्या दृष्टीने कामाचा क्रम असा हवा. प्रथम माथ्यावरचे गटार, फटीच्या वरच्या बाजूला आणि काँक्रीटचे अस्तर असलेले. विनाअस्तराचे गटार माथ्यावर खोदणे हे न खोदण्यापेक्षा वाईट आहे, कारण ते पाणी गोळा करून फटीतच सोडते. मग माथ्यावरचा भार कमी करायचा आणि उतार मंद करायचा. हे वरून खाली करत यायचे, एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. त्याबरोबरच जांभा आणि चिकणमातीच्या सीमेवर आडवी भोके घ्यायची, बाहेरच्या तोंडाकडे पाच-दहा अंश उतरती, त्यांत सच्छिद्र नळ्या भोवती गाळणीचे कापड गुंडाळून बसवायच्या. पायथ्याला दगडांच्या जाळीदार पेट्यांचा भार द्यायचा, त्यातून पाणीही निघून जाते. जाळी, नेलिंग (मातीत सळ्या रोवणे) आणि शॉटक्रीट या सर्वांनंतर येते, तेही जिथे खरोखर गरज असेल तिथेच आणि पाणी निघायच्या नळ्या ठेवून.

कापातून निघालेली माती कुठे टाकली आहे, हे धागाकर्त्यांनी सांगितलेले नाही. ती माथ्यावर किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी टाकली असेल तर आधी तीच हलवा. १९६६ साली वेल्समधील अबरफॅन येथे झऱ्यावर रचलेला खाणीचा ढिगारा घसरून शाळेवर गेला आणि १४४ जण दगावले, त्यांत ११६ मुले होती.

वाळ्याचे बेट

वाळ्याचा उल्लेख आल्याने लिहिते. शॉटक्रीटवर होणाऱ्या खर्चाचा लहानसा भाग वाळा आणि काथ्याच्या जाळीवर करा. काथ्या आपल्याच किनाऱ्यावर तयार होतो, वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि डोंगर पुन्हा डोंगर दिसतो. सिमेंटने मढवलेले डोंगर पाहून मला फार वाईट वाटते.

भूस्तर

वाळ्याचे बेट ताई, तुमची तळमळ मला पटते आणि टप्प्यांच्या तोंडावर काथ्याची जाळी व वाळा हवाच. पण आज लावलेल्या वाळ्याची मुळे पहिल्या पावसाळ्यात इतकी खोल जाणार नाहीत, आणि इथली घसरण दोन-तीन मीटरच्या खालून होण्याची शक्यता आहे. वाळा वरची धूप थांबवेल, खोल सरकणारी जमीन रोखणार नाही. रुळवाट काकांच्या क्रमात तो टप्पे तयार झाल्याबरोबर बसवावा.

कातळसडा

सर्वांचे मनापासून आभार. माहिती देतो. फटीचे एक टोक स्पष्टपणे कापाकडे वळलेले आहे, दुसरे झुडपांत असल्याने साफसफाईनंतर कळेल. पायथ्याचे काम आजपासून थांबवले आहे. कापात सध्या दोनच टप्पे आहेत आणि चिकणमातीतला भाग जवळजवळ उभा आहे, त्यामुळे खाणसुरक्षा यांनी सांगितलेल्या विनियमात तो बसत नाही, हे मी लेखी कळवले आहे. कापातली काही माती खरोखरच माथ्यावर, फटीच्या मागे टाकलेली आहे. ती काढायला उद्या सुरुवात होईल. सळ्या ठोकून वाचन सुरू केले आहे.

दोन प्रश्न उरतात. धोक्याचा आकडा किती मिलिमीटर धरावा? आणि पावसाचा आकडा किती धरावा?

मोजणीदार

ठराविक मिलिमीटरवर लाल पायरी ठेवू नका, वेग पाहा. समजा फट पहिल्या दिवशी २ मिलिमीटर वाढली, दुसऱ्या दिवशी २.५, तिसऱ्या दिवशी ३.३, चौथ्या दिवशी ५ आणि पाचव्या दिवशी १०. या वेगांचे व्यस्त (१ भागिले वेग) काढले तर ०.५, ०.४, ०.३, ०.२ आणि ०.१ येतात. ही रेषा सहाव्या दिवशी शून्याला टेकते, म्हणजे कोसळण्याची वेळ साधारण तीच. ही पद्धत जपानमध्ये फुकुझोनो यांनी १९८५ साली मांडली. प्रत्यक्षातली रेषा इतकी सरळ येत नाही आणि ठिसूळ जांभ्याचा कडा फारशी सूचना न देताही सुटतो, म्हणून अंदाजाच्या तारखेपर्यंत थांबायचे नसते. वेग सलग वाढतो आहे एवढे दिसले तरी पिवळी पायरी लावा. व्यस्ताची रेषा शून्याच्या दिशेने सरळ उतरताना दिसू लागली की लाल. पावसात एक्स्टेन्सोमीटरचे वाचन तासातासाला झाले पाहिजे, दिवसातून एकदाचे पुरणार नाही.

रुळवाट

पावसासाठी हवामान विभागाची वर्गवारी सुरुवातीला वापरा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस धरतात. जोरदारला माथ्यावर गस्त, अतिजोरदारला कापाखालची सर्व वाहतूक बंद. पण एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, मागच्या आठ-दहा दिवसांची बेरीजही ठेवा, कारण आधीच भरलेल्या डोंगराला थोडा पाऊसही पुरतो. पर्जन्यमापक तुमच्याच सड्यावर हवा. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर त्याच्या निम्मासुद्धा नसतो, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा आकडा तुमच्या डोंगराला लागू होईलच असे नाही.

तिलारीकाठ

पर्जन्यमापक एक सड्यावर आणि एक वाडीतल्या शाळेत ठेवा. रोजचा पाऊस आणि फटीचे वाचन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. भोंग्याची चाचणी मे महिन्यात, गावातली मुले-माणसे बरोबर घेऊन, रात्री करा. दिवसा सर्वांना ऐकू येतो, पावसात कौलांवरच्या आवाजात ऐकू येतो का, ते पाहिले पाहिजे.

कातळसडा

तिलारीकाठ, फळा आणि शाळेतला पर्जन्यमापक मी मान्य करून घेईन. रात्रीच्या चाचणीसाठी सरपंचांशी बोलतो. जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर कुठे बसवावा, एवढे कोणी सांगावे.

भूस्तर

किमान दोन बसवा आणि त्यांची टोके वेगवेगळ्या खोलीवर ठेवा. एक जांभा आणि चिकणमातीच्या सीमेवर, दुसरा चिकणमाती आणि कुजलेल्या खडकाच्या सीमेवर. एकाच भोकात सगळ्या खोलीभर सच्छिद्र नळी घातली तर दोन्ही पाण्यांची सरमिसळ होऊन खालचा दाब कळत नाही. आडवी भोके काम करत आहेत की नाहीत, हेही यावरच ठरेल. भोकांतून पाणी येत असूनही सीमेवरचा दाब उतरत नसेल तर भोके कमी आहेत किंवा चुकीच्या पातळीवर आहेत.

खाणसुरक्षा

आणखी एक गोष्ट लेखी घ्या. पाऊस उघडला की दुसऱ्याच दिवशी ठेकेदार काम सुरू करायला मागतो. जांभ्यातले पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो आणि पिझोमीटरचा आकडा पाऊस थांबल्यानंतरही चढत राहू शकतो. काम पुन्हा सुरू करण्याची अट ‘पाऊस थांबणे’ अशी लिहू नका. दोन्ही पिझोमीटर उतरणीला लागलेले आहेत, फटीचा वेग पावसापूर्वीच्या वाचनाइतका खाली आलेला आहे आणि माथ्याची पाहणी उजेडात झालेली आहे, या तिन्ही अटी पूर्ण झाल्यावरच पोकलेन पायथ्याशी जाईल, असे लिहा.

कातळसडा

तसेच लिहितो. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकेन. त्यातली प्रत्येक ओळ तपासून द्यावी.